एक लेख, अनेक वृत्तपत्रे : सदरलेखकाची गावाबाहेरची पहिली पावले





वृत्तपत्र हाती आले की कोणी पहिल्या पानापासून वाचतो, कोणी खेळाच्या पानापासून. पण बहुतेक घरांत एखादा वाचक असा असतो की तो ठरावीक वारी ठरावीक कोपरा आधी शोधतो. त्या कोपऱ्यात एकाच लेखकाचा लेख दर आठवड्याला येतो. त्यालाच आपण सदर किंवा स्तंभ म्हणतो आणि लिहिणाऱ्याला सदरलेखक किंवा स्तंभलेखक. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाल्यामुळे आमच्या तोंडी 'स्तंभ' लवकर येतो. मराठी घरांत 'सदर' हाच शब्द अधिक रुळलेला आहे.

आता प्रश्न असा की, एका गावच्या, एका वृत्तपत्रातील सदर दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या मालकाच्या वृत्तपत्रात कसे पोहोचते? तो लेख कोण पाठवतो, पैसे कोणाला मिळतात, आणि वाटेत त्या लेखाचे काय होते?

हा विषय या अंकात घेण्यास एक कारण घडले. आपल्या वार्तापत्रात आठवीतील एका विद्यार्थिनीने तिच्या आजोच्या रापणीवर लेख लिहिला होता. काही महिन्यांनी तो लेख एका साप्ताहिकात छापलेला आढळला. मुलीचे नाव नव्हते. हरमलचे नाव नव्हते. 'आजो'चे 'आजोबा' झाले होते आणि 'रापण' जाऊन तेथे 'मासेमारीचे मोठे जाळे' आले होते. काही पालकांना आनंद झाला की आपल्या मुलीचे लेखन बाहेर गेले. काहींना राग आला. विश्वस्तांपैकी दोघांनी विचारले की शाळेने यापुढे काय धोरण ठेवावे. धोरण ठरवण्यापूर्वी ही व्यवस्था जगात कशी चालते हे सर्वांना ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

सिंडिकेट म्हणजे काय?

एकाच लेखकाचा लेख अनेक स्वतंत्र वृत्तपत्रांना एकाच वेळी पुरवणारी जी संस्था, तिला सिंडिकेट म्हणतात, आणि या पद्धतीला सिंडिकेशन. याची दोन गोष्टींशी गल्लत होते.

पहिली गोष्ट वृत्तसंस्था. पीटीआयसारखी संस्था बातम्या पुरवते. बातमी लिहिणाऱ्याचे नाव वाचकाला बहुधा कळतही नाही. सिंडिकेट मात्र लेखकाचे नाव आणि त्याची लिहिण्याची धाटणी विकते.

दुसरी गोष्ट आवृत्ती. गोव्यात 'गोमन्तक' १९६२ मध्ये आणि 'नवप्रभा' १९७० मध्ये सुरू झाली. बेळगावचा 'तरुण भारत' आणि कोल्हापूरचा 'पुढारी' यांच्याही गोव्यात आवृत्त्या निघतात. बेळगावात छापलेला लेख त्याच वृत्तपत्राच्या गोवा आवृत्तीत आला, तर ते सिंडिकेशन नव्हे. कारण मालक एकच आहे. मालक वेगळे, संपादक वेगळे, गाव वेगळे आणि तरी लेख तोच, असे असेल तरच ते सिंडिकेशन.

हिशेब सोपा आहे. मुलांनी तो वहीत मांडून पाहावा. समजा, एका लहान वृत्तपत्राला एका लेखासाठी फक्त २०० रुपये परवडतात. तेवढ्यावर लेखकाचे घर चालणार नाही. पण तोच लेख २० गावच्या २० वृत्तपत्रांनी घेतला तर ४,००० रुपये जमतात. त्यातील निम्मे सिंडिकेटने ठेवले तरी लेखकाला २,००० मिळतात, आणि प्रत्येक वृत्तपत्राला चांगला लेख २०० रुपयांतच पडतो. प्रत्यक्षात दर खपाप्रमाणे कमी-अधिक असतात. मोठ्या वृत्तपत्राला जास्त, लहानाला कमी. शिवाय एका शहरात ते सदर एकाच वृत्तपत्राला द्यायचे, असा करार पुष्कळदा असतो. नाहीतर शेजारच्या दोन वृत्तपत्रांत तोच लेख दिसेल आणि दोघांचाही वाचक कंटाळेल.

ही पद्धत कशी सुरू झाली?

या पद्धतीची सुरुवात अमेरिकेत झाली, आणि तीही एका अडचणीतून. १८६१ मध्ये तेथे यादवी युद्ध सुरू झाले. विस्कॉन्सिन राज्यातील बाराबू या लहान गावी ॲन्सेल केलॉग नावाचे गृहस्थ साप्ताहिक चालवत होते. त्यांच्या छापखान्यातील मनुष्यबळ युद्धावर गेले. खिळे जुळवायला माणूस नाही आणि अंक तर काढायचा आहे. त्यांनी मॅडिसन शहरातील मोठ्या छापखान्याकडून एका बाजूने छापलेले कागद मागवले आणि कोऱ्या बाजूवर आपल्या गावच्या बातम्या छापल्या. युक्ती इतकी सोयीची ठरली की पुढे केलॉग यांनी शिकागोला जाऊन असे अर्धे छापलेले कागद गावोगावच्या वृत्तपत्रांना पुरवण्याचा व्यवसायच उभारला.

पुढे १८८४ मध्ये सॅम्युएल मॅक्ल्यूर यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःचे सिंडिकेट काढले. छापलेले कागद पाठवण्याऐवजी त्यांनी नामवंत लेखकांच्या कथा व लेख घेऊन ते एकाच वेळी अनेक वृत्तपत्रांना विकले. स्टीव्हन्सन, किपलिंग यांच्यासारख्यांचे लेखन या मार्गाने गावोगावी पोहोचले. नंतर सदरांचे दिवस आले. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी डिसेंबर १९३५ मध्ये 'माय डे' हे सदर सुरू केले आणि ते १९६२ पर्यंत चालवले. बहुतेक काळ ते आठवड्यातून सहा दिवस येत असे.

पण राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला वाचक मिळाले यात नवल ते काय? आपल्या उपयोगाचे उदाहरण वेगळे आहे.

तीन डॉलरचा लेख

एर्मा बॉम्बेक या ओहायो राज्यातील डेटन शहराच्या. जन्म १९२७ चा. तरुणपणी त्यांनी तेथील वृत्तपत्रात काम केले. निधनवार्ता लिहिल्या, महिलांच्या पानासाठी लिहिले. मग घर-संसार आला, मुले आली आणि त्यांनी नोकरी सोडली. मूत्रपिंडाचा आनुवंशिक आजार त्यांना तरुणपणापासूनच होता.

१९६४ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्यांनी पुन्हा लिहायला घेतले. वृत्तपत्र होते 'केटरिंग-ओकवूड टाइम्स', म्हणजे डेटनच्या उपनगरातील एक लहान साप्ताहिक. एका लेखाचे मानधन ३ डॉलर. लिहिण्याची जागा म्हणजे घरातील लहानशी झोपण्याची खोली, आणि टेबल म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांवर टेकवलेली एक फळी. विषय म्हणाल तर कपडे धुणे, मुलांचे डबे, हरवलेले मोजे, पसारा, शेजारीण. जगाच्या राजकारणाचा त्यात मागमूस नव्हता.

पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, डेटनच्या 'जर्नल हेरल्ड' या दैनिकाने त्यांना बोलावले. आठवड्याला दोन लेख, प्रत्येकी सुमारे ४५० शब्द, आणि दोन्हींचे मिळून ५० डॉलर. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांत त्यांचे सदर 'न्यूजडे'च्या सिंडिकेटने घेतले आणि ते ३६ वृत्तपत्रांत जाऊ लागले. सदराचे नाव होते 'ॲट विट्स एंड'. मराठीत सांगायचे तर 'आता डोकेच चालेनासे झाले!' १९६९ पर्यंत वृत्तपत्रांची संख्या ५०० वर गेली आणि पुढे ती ९०० च्या आसपास पोहोचली. १९९६ मध्ये त्या वारल्या तोपर्यंत त्यांचे ४,००० हून अधिक लेख प्रसिद्ध झाले होते.

हे आकडे वाचून कोणी म्हणेल की नशीब उघडले. आम्हाला तसे वाटत नाही. तीन आठवड्यांत ३६ वृत्तपत्रे मिळाली हे खरे. पण त्याआधी त्या साप्ताहिकात दर आठवड्याला वेळेवर लिहिण्याचा सराव होता, आणि त्याही आधी निधनवार्ता लिहिण्याची वर्षे होती. निधनवार्तेत एक शब्द जास्त चालत नाही आणि नावात एक अक्षर चुकून चालत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ३६ शहरांत लेख जाऊ लागला म्हणून बाईंनी 'आता सर्व देशासाठी लिहायला हवे' असे म्हणून मोठमोठे विषय घेतले नाहीत. त्या आपल्या घरातील मोज्यांवरच लिहीत राहिल्या. दूरच्या शहरातील वाचकाला त्यात आपले घर दिसले.

सिंडिकेटला लेखकाकडून काय हवे असते?

चार गोष्टी हव्या असतात. पहिली, ठरलेली लांबी. प्रत्येक वृत्तपत्रात जागा राखलेली असते, तेथे ४५० शब्दांचे ७०० करून चालत नाही. दुसरी, वेळ, लेख छापण्याच्या बरेच दिवस आधी द्यावा लागतो, म्हणून आज घडलेल्या आणि उद्या शिळ्या होणाऱ्या गोष्टीवर तो बेतलेला नसावा. तिसरी, साठा, एक सुंदर लेख पाहून कोणी करार करत नाही. अनेक आठवडे पुरतील एवढे नमुने मागतात, कारण पहिला लेख सर्वांना जमतो, विसावा जमतो का हे पाहायचे असते. चौथी, ओळख, नाव झाकले तरी हा लेख अमक्याचाच, असे वाचकाला कळले पाहिजे.

आपल्याकडे काय घडले?

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा पाया घालणारे 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर हे आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गातील, देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. त्यांचे 'दर्पण' १८३२ चे. सदर या प्रकाराचे मोठे उदाहरण लोकहितवादींच्या शतपत्रांत मिळते. गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' या मुंबईच्या साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने ही पत्रे लिहिली. त्यांची संख्या १०८ आहे. एकच लेखक, एकच धाटणी, ठरावीक जागा. सदराची सर्व लक्षणे तेथे आहेत. मात्र तो लेख इतर वृत्तपत्रांना पुरवणारी व्यवस्था तेव्हा आपल्याकडे नव्हती.

दुसरे उदाहरण महात्मा गांधींचे. त्यांचे इंग्रजी 'हरिजन' साप्ताहिक ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्यातून निघाले. त्या वेळी गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. आपल्या नियतकालिकांतील लेख ही सर्वांची मालमत्ता आहे, ते कोणीही छापावेत, अशी त्यांची भूमिका होती. त्यामुळे त्यांचे लेख देशभरच्या वृत्तपत्रांत मूल्य न घेता छापले जात. हे बिनपैशांचे सिंडिकेशनच म्हणा ना. पण पुढे घाईघाईने केलेल्या अनुवादांत मूळ अर्थ बिघडू लागला, तेव्हा लेखांवरील हक्क राखून ठेवण्याचा मार्गही त्यांनी स्वीकारला. पैशाचा मोह नसलेल्या माणसालाही आपल्या शब्दांची राखण करावी लागली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये ज्येष्ठ संपादक दुर्गादास यांनी 'इन्फा', म्हणजे 'इंडिया न्यूज अँड फीचर अलायन्स' ही संस्था काढली आणि राजकीय लेख अनेक वृत्तपत्रांना पुरवण्यास सुरुवात केली. पत्रकार कुलदीप नय्यर यांचे 'बिटवीन द लाइन्स' हे सदर तर १४ भाषांतील ८० हून अधिक वृत्तपत्रांत जात असे. २०१८ मध्ये नय्यर वारले. आपल्या देशात सिंडिकेशन म्हणजे बहुधा भाषांतरही असते, हे यावरून दिसते. अमेरिकेतील ९०० वृत्तपत्रांना एकच इंग्रजी मजकूर चालला. आपल्याकडे १४ भाषा म्हणजे १४ अनुवादक, आणि प्रत्येकाच्या हाती लेखकाचा शब्द.

शब्द हरवतो तेव्हा

येथे आपल्या विद्यार्थिनीच्या लेखाकडे वळू. 'रापण' हा शब्द काढून 'मासेमारीचे मोठे जाळे' घातल्याने काय बिघडले, असे एका पालकांनी विचारले. प्रश्न प्रामाणिक आहे. पुण्याच्या किंवा नागपूरच्या वाचकाला रापण कळणार नाही, हेही खरे.

पण रापण म्हणजे नुसते जाळे नव्हे. होडी जाळे सोडत समुद्रात जाते, वळसा घालून परत येते, आणि किनाऱ्यावर दोन्ही बाजूंना माणसे उभी राहून दोर ओढतात. मासळीची वाटणी होते. माणसे, मेहनत आणि वाटणी हे सगळे त्या एका शब्दात आहे. शब्द बदलला आणि आजोसकट सगळी माणसे लेखातून निघून गेली. वाचकासाठी एक ओळ जोडून 'रापण म्हणजे काय' हे सांगता आले असते. चांगला संपादक तेच करतो. अपरिचित शब्द तो काढत नाही, त्याची ओळख करून देतो.

आपल्या मुलांना आम्ही हेच सांगू. पेडणे तालुक्यातील मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये विमाने उडू लागली, ही बातमी सर्व वृत्तपत्रांनी छापली. तिच्यासाठी आपली गरज नाही. पण त्या विमानांखाली वाढणाऱ्या काजूच्या बागायतीत या वर्षी काय चालले आहे, पेडण्याच्या पुनवेला आपल्या घरी कोण कोण येते, हरमलच्या डोंगराकडेच्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर पर्यटकांचा हंगाम सरल्यावर काय दिसते, हे येथल्या मुलानेच लिहायचे आहे. असा लेख दूर गेला तर तो हरमलचा म्हणून जाईल.

कायदा काय म्हणतो?

लेखनाचा हक्क हा मोठ्या लेखकांचाच असतो, असा एक समज आहे. तो खरा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेख लिहिला गेला की हक्क निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही. लेखाचा पहिला मालक लेखक असतो, मग तो आठवीत का असेना. वृत्तपत्राच्या पगारी नोकराची गोष्ट निराळी. त्याने नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा वृत्तपत्रात छापण्याचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जातो. विद्यार्थी शाळेचा नोकर नाही. म्हणून वार्तापत्रात छापल्याने शाळा त्या लेखाची मालक होत नाही. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो लेखी करावा लागतो. हक्क दिल्यानंतरही 'हा लेख माझा आहे' असे सांगण्याचा आणि आपल्या नावलौकिकाला बाधा आणणारी मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो.

एक बारकावा विश्वस्तांनी लक्षात घ्यावा. चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक किंवा धार्मिक विषयावरील लेख दुसऱ्या नियतकालिकाने पुन्हा छापण्यास कायद्यात सवलत आहे. मात्र लेखकाने हक्क स्पष्टपणे राखून ठेवला असेल तर ती सवलत मिळत नाही. म्हणजे 'हक्क राखीव' ही तळाशी छापलेली लहानशी ओळ शोभेची नसते.

शाळेचा प्रस्ताव

बाहेर काही पाठवूच नये, असे एक मत आहे. कोणीही काहीही छापावे, प्रसिद्धी तर मिळते, असे दुसरे. दोन्ही मते मुलांच्या प्रेमापोटी आहेत. विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीसाठी आम्ही मधला मार्ग मांडत आहोत :

१. वार्तापत्राच्या प्रत्येक अंकात 'लेखांचे हक्क लेखकांकडे राखीव' ही ओळ छापावी.

२. कोणत्याही वृत्तपत्राने लेख मागितल्यास विद्यार्थी आणि पालक या दोघांची लेखी संमती घेऊनच तो द्यावा. शाळेने परस्पर देऊ नये.

३. लेखासोबत विद्यार्थ्याचे नाव आणि 'हरमल' हे गावाचे नाव छापले जावे. काही कारणाने पालकांना मुलाचे नाव नको असेल तर त्यांची इच्छा पाळावी.

४. गावचे शब्द बदलायचे असतील तर आधी विचारावे. शाळा प्रत्येक लेखासोबत अशा शब्दांचे अर्थ एका चिठ्ठीवर देईल.

५. मानधन मिळाल्यास ते पूर्णपणे विद्यार्थ्याचे.

ज्या साप्ताहिकाने लेख छापला त्याच्याशी भांडण्याचा आमचा विचार नाही. मुलीच्या पालकांच्या संमतीने आम्ही त्यांना पत्र लिहिले आहे आणि मुलीचे नाव व मूळ शब्द यांसह खुलासा छापण्याची विनंती केली आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक योजना. ज्यांना सदर लिहून पाहायचे आहे त्यांनी एक विषय निवडावा आणि दर महिन्याला त्यावर ३०० शब्द लिहावेत. शब्द मोजावेत. तारीख चुकवू नये. सहा लेख वेळेवर जमले की मराठीचे शिक्षक ते तपासतील, आणि निवडक मालिका गोव्यातील वृत्तपत्रांच्या संपादकांकडे शाळेच्या पत्रासह पाठवल्या जातील. संपादक नकार देतील. तसे झाले तर सातवा लेख लिहावा. पालकांनी एवढेच करावे की मूल लिहायला बसले असता त्याला लगेच दुकानात पिटाळू नये, आणि लेख स्वतः लिहून देऊ नये.

पहिला लेख देण्याची तारीख शाळेच्या फलकावर लावली आहे. विश्वस्तांनी वरील पाच मुद्द्यांवर आपली मते बैठकीपूर्वी लेखी कळवावीत, ही विनंती.

आपली,
मुख्याध्यापिका